एएलएस झालेल्या माणसाची घरी काळजी: एक पायरी आधी, आणि एकट्याने नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडला राहणाऱ्या ६१ वर्षांच्या वडिलांना एएलएस, म्हणजे हालचालींच्या नसा हळूहळू निकामी करणारा मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी), असल्याचं न्यूरॉलॉजिस्टनी गेल्या महिन्यात सांगितलं. सुरुवात उजव्या हाताच्या पकडीपासून झाली. आता शर्टाची बटणं लागत नाहीत, जिन्यात पाय अडखळतो आणि संध्याकाळपर्यंत बोलणं जड होतं. घरात आई, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात आहे. मुलगा विचारतो, "डॉक्टरांनी रिल्युझोल लिहून दिलं आणि जमेल तशी काळजी घ्या म्हणाले. जमेल तशी म्हणजे नेमकं काय करायचं? आणि नाशिकमध्ये हा आजार असलेलं दुसरं कुणी आहे का, की आम्हीच एकटे?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. तुम्ही एकटे नाही. युरोपात दर लाख लोकांमागे वर्षाला दोन ते तीन नवे रुग्ण सापडतात, आशियातले आकडे त्याहून कमी, साधारण एकाच्या आसपास असतात. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. म्हणजे अगदी कमी धरलं तरी जिल्ह्यात दरवर्षी पन्नास-साठ घरांत हे निदान होत असणार. ती माणसं दिसत नाहीत, कारण ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरू शकत नाहीत. निफाड, सिन्नर, सटाण्याकडच्या खेड्यात तर अनेकदा आजाराचं नावही घरात पोचलेलं नसतं, "नसांचा आजार" एवढंच माहीत असतं. त्यांना शोधायचं कसं ते पुढे लिहिलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, पण त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: या आजारात प्रत्येक गोष्ट ती लागण्याच्या एक पायरी आधी करावी लागते. श्वासाचं मशीन दम लागण्याआधी, पोटातली नळी वजन कोसळण्याआधी, अक्षरांचा तक्ता आवाज जाण्याआधी आणि शेजाऱ्यांची मदत आई थकून आजारी पडण्याआधी. बहुतेक घरांत हाल होतात ते आजारापेक्षा उशिरामुळे जास्त.

निदान आणि औषधांबद्दल थोडक्यात. दुसरं मत एकदा जरूर घ्या, मुंबईच्या केईएममध्ये किंवा बंगळुरूच्या निम्हान्समध्ये. मानेच्या मणक्यात दबलेला मज्जारज्जू, मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी (हातापायांच्या नसांचा वेगळा आजार), बी-१२ ची कमतरता, थायरॉइड यांची लक्षणं कधी कधी एएलएससारखी दिसतात आणि त्यांवर इलाज आहे. मानेचा एमआरआय, ईएमजी-एनसीव्ही (नसा आणि स्नायूंची विजेची तपासणी) आणि रक्ततपासण्या झाल्या आहेत का, हे फाइलमध्ये पाहा. दोन न्यूरॉलॉजिस्टचं एकमत झालं की मात्र फिरणं थांबवा. तिसऱ्या-चौथ्या मतात जाणारे सहा महिने या आजारात फार महाग पडतात.

रिल्युझोल ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. पहिले तीन महिने दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी, नंतर दर तीन महिन्यांनी. या गोळीने ताकद परत येत नाही, आजाराचा वेग थोडा कमी होतो. चाचण्यांत सरासरी दोन-तीन महिन्यांचं आयुष्य वाढलेलं दिसलं. "काही फरकच पडत नाही" म्हणून लोक ती मध्येच सोडतात, कारण ही अपेक्षा आधी कुणी नीट समजावलेली नसते. एडाराव्होनची सलाइनमधून द्यायची इंजेक्शनं जपानमध्ये २०१५ पासून आणि अमेरिकेत २०१७ पासून मान्य आहेत. फायदा दिसला तो आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या निवडक रुग्णांत, आणि २०२४ मध्ये युरोपात तोंडी एडाराव्होनच्या मोठ्या चाचणीत तोही दिसला नाही. त्यासाठी कर्ज काढू नका. घरात आधी कुणाला हा आजार झाला असेल तर जनुकीय तपासणीबद्दल विचारा. एसओडी-१ जनुकातल्या दोषावर टोफरसेन नावाचं औषध निघालं आहे, पण असे रुग्ण शंभरात जेमतेम दोन असतात.

स्टेम सेल, म्हणजे मूळपेशींच्या, उपचारांबद्दल स्पष्टच सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेल देणं गैर आहे. आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. लाखांची पॅकेजं सांगणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? तेच पैसे पुढे मशीन, नळी आणि रात्रीच्या माणसासाठी लागणार आहेत.

आता श्वास. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या, कारण आयुष्याची लांबी आणि रात्रीची झोप दोन्ही यावर ठरतात.

एएलएसमध्ये फुप्फुसं चांगली असतात. अशक्त होतो तो श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायू. माणूस आडवा झाला की पोटातले अवयव त्यावर दाब देतात, म्हणून पहिल्या खुणा रात्री दिसतात. सपाट झोपवत नाही, दोन-तीन उश्या लागतात, झोप मोडते, सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते, भूक मंदावते, वाक्य एका श्वासात पुरं होत नाही. हे सगळं दिसत असताना बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९६ दिसू शकतं. इथे घरचे फसतात. अडचण ऑक्सिजन आत येण्याची नसते, कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडण्याची असते, आणि तो आकडा ते यंत्र दाखवत नाही.

म्हणून दर तीन महिन्यांनी छातीच्या डॉक्टरांकडे एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन नळीत जोरात फुंकल्यावर किती हवा बाहेर पडते ते, मोजून घ्या, आणि बसून व झोपून अशी दोन्ही मोजण्यांची मागणी स्वतःहून करा. झोपल्यावर आकडा बराच उतरला तर श्वासपटल कमजोर झालं आहे. ओठ नळीभोवती घट्ट मिटत नसतील तर एफव्हीसी चुकीची कमी येते, तेव्हा नाकाने हुंगण्याची चाचणी, म्हणजे स्निप, जास्त खरी ठरते. एफव्हीसी अपेक्षित आकड्याच्या ५० टक्क्यांखाली, स्निपचा दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरखाली, किंवा आकडे बरे असूनही वर सांगितलेल्या खुणा, यांतलं काहीही असलं तर बायपॅपची, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या मशीनची, वेळ झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, ज्यांचं गिळणं-बोलणं फार बिघडलेलं नव्हतं अशा रुग्णांचं आयुष्य या मशीनमुळे साधारण २०५ दिवसांनी वाढलं, झोपही सुधारली. इतकी मजल कुठल्याही गोळीने मारलेली नाही.

मशीन घेताना बायपॅपच घ्या, सीपॅप नव्हे, आणि त्यात एसटी मोड असायला हवा. म्हणजे रुग्णाने श्वास घेतला नाही तर मशीन स्वतःहून देतं. दाब डॉक्टर ठरवतील, पण सुरुवात साधारणपणे कमी असते: श्वास घेताना ८ ते १०, सोडताना ४. मग दोन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवतात. पहिल्याच रात्री आठ तास लावायला गेलात तर बाबा मशीन कायमचं नाकारतील. आधी दिवसा, खुर्चीत बसून, बातम्या बघताना पंधरा-वीस मिनिटं, मग दुपारच्या झोपेत, मग रात्री. विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने घ्या आणि दोन-तीन मास्क लावून बघा. मशीनपेक्षा मास्कमुळे लोक जास्त हरतात. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठत असेल तर पट्टे सैल करा, थोडी हवा गळली तरी चालते. डोळ्यांत हवा जात असेल तर मात्र मास्क बदला. हात उचलून मास्क काढता येत नसेल, तर तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये उलटी झाल्यास धोका असतो. शक्य तोवर फक्त नाकाचा मास्क वापरा, आणि बोटाने किंवा गालाने दाबता येईल अशी घंटी रात्री हाताशी ठेवा.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अनेक घरांत पडून आहे. तो स्वतःच्या मनाने कधीही लावू नका. नुसत्या ऑक्सिजनने श्वासाची ओढ मंदावते, कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो आणि माणूस गुंगीत जाऊन उठतच नाही, असं होऊ शकतं. दवाखान्यातही घाईत हे घडतं. शेवटी दिलेला दाराजवळचा कागद त्यासाठीच आहे.

वीज गेली तर? बायपॅपला ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद असताना साधारण ३० ते ६० वॉट लागतात. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत १८०० वॉट-अवर असतात, त्यांतले हजार-अकराशे वापरता येतात असं धरा. म्हणजे ५० वॉटचं मशीन आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च मिळून पंधरा-सोळा तास निघतात. पण त्याच इन्व्हर्टरवर पंखे, टीव्ही आणि फ्रिज असेल तर चार तासही निघणार नाहीत. बाबांच्या खोलीची लाइन वेगळी काढून घ्या. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा. बॅटरीतलं पाणी दर दोन महिन्यांनी बघायचं काम घरातल्या एका ठरलेल्या माणसाकडे द्या. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडून थंडी उतरते त्या दिवसांत, ह्युमिडिफायरच्या नळीत पाणी साठून गुळगुळ आवाज येतो आणि थेंब नाकात जातात. नळी गोधडीखालून घ्या किंवा तिला कापडी आवरण शिवा, आणि मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा.

खोकला हा श्वासाचाच दुसरा भाग. खोकल्याचा जोर दम्याच्या साध्या पीक-फ्लो मीटरला मास्क जोडून मोजता येतो. मिनिटाला २७० लिटरच्या खाली गेला तर सर्दीतही कफ अडकू शकतो, १६० च्या खाली तो स्वतःहून निघतच नाही. २७० च्या खाली आल्यावर फिजिओथेरपिस्टकडून अँबू बॅगने (हाताने दाबून हवा भरायच्या पिशवीने) श्वास साठवायला शिका. बॅगला माउथपीस किंवा मास्क आणि एकतर्फी व्हॉल्व्ह हवा. बाबांना ताठ बसवायचं, श्वास घ्यायला सांगायचं, तो सोडू न देता बॅगने दुसरा, तिसरा, कधी चौथा भरायचा. छाती ताणली असं त्यांनी डोळ्यांनी खुणावलं की थांबायचं, दोन-तीन सेकंद रोखून मग जोरात खोकायला लावायचं. त्याच क्षणी दुसऱ्या माणसाने बरगड्यांखाली तळवे ठेवून आत आणि वर दाब द्यायचा. असं तीन ते पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर निदान तासभर सोडून. सक्शन मशीन तोंडातली आणि घशातली लाळ काढतं, छातीतला कफ त्याने येत नाही. छातीसाठी पुढे कफ-असिस्ट मशीन लागतं. ते महाग आहे, म्हणून अनेक घरांनी मिळून घ्यायच्या वस्तूंत ते पहिलं असावं. ताप आणि कफ एकत्र आले तर उद्यापर्यंत थांबू नका.

गिळण्याच्या त्रासात लोक घट्ट पदार्थ सोडतात आणि पातळ देतात. इथे उलटं होतं. पाणी आणि चहा सगळ्यात अवघड, कारण ते घशात वेगाने पळतात आणि श्वासनलिका झाकायला वेळ मिळत नाही. त्याहून अवघड म्हणजे एका घासात पातळ आणि कोरडं एकत्र. मिसळ याचं नेमकं उदाहरण आहे: तर्री आधी घसरते, फरसाण मागे राहून ठसका लावतं. नाशिककराला हे सोडायला सांगताना वाईट वाटतं. चव हवीच असेल तर मटकी शिजवून, रश्श्यासकट मिक्सरमधून काढून, गाळून, एकसारखी दाट करून द्या. द्राक्षंही तशीच फसवी. गोल, गुळगुळीत, आणि दाताखाली फुटली की साल एकीकडे, रस एकीकडे. रस काढून गाळा आणि दाट करून द्या. भुरभुरणारं सगळं बंद: चिवडा, शेव, कोरडी भाकरी, फोडणीचे पोहे. चालतं ते एकजीव, ओलं आणि जड: तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी, दाटसर नाचणीचं सत्व, पातळ न केलेलं दही, साय, शिरा, घोटलेलं वरण. पाणी आणि चहा दाट करायची पावडर औषधाच्या दुकानात मागवून मिळते. प्रमाण डब्यावर पाहा आणि दोन मिनिटं मुरू द्या, लगेच दिलं तर ते अजून पातळच असतं.

बसणं सरळ, हनुवटी किंचित छातीकडे, एका वेळी चमचाभर, एकदा गिळल्यावर रिकामं दुसऱ्यांदा गिळायचं. जेवताना टीव्ही बंद, बाबांना प्रश्न विचारणंही बंद. जेवण अर्ध्या तासात उरकत नसेल तर दिवसातून सहा लहान वेळा करा. घास अडकला तर पाणी पाजू नका. पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध पाच थापा, तेवढ्याने निघालं नाही तर मागून पोटावर आत-वर असे पाच दाब, पुन्हा थापा. व्हीलचेअरवर असतील तर आधी ब्रेक लावा.

दर सोमवारी वजन करा. आजारापूर्वीच्या वजनाच्या ५ टक्के उतरलं की पोटात नळी, म्हणजे पेग, बसवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, १० टक्क्यांची वाट बघू नका. शक्यतो एफव्हीसी ५० टक्क्यांच्या वर असतानाच ती बसवून घ्या, कारण त्याखाली गेल्यावर एंडोस्कोपीसाठी आडवं झोपवणं आणि गुंगी देणं धोक्याचं होतं. पेग बसली म्हणजे तोंडाने खाणं बंद, असा समज आहे. तो खरा नाही. चवीपुरतं तोंडाने, पोटापुरतं नळीने, असं बरेच दिवस चालतं. फीड देताना पाठ निदान ३० ते ४५ अंश वर, दोनशे-तीनशे मिली वीस-तीस मिनिटांत, नंतर तासभर तसंच बसवून. आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी. नळी तुंबते ती बहुतेक वेळा न गाळलेल्या घरच्या फीडमुळे किंवा गोळ्यांच्या जाडसर पुडीमुळे. तुंबलीच तर कोमट पाणी ५० मिलीच्या सिरिंजने हळू आत-बाहेर करा, तार घालू नका. नळी निघून आली तर त्याच दिवशी, काही तासांत, दवाखाना गाठा. भोक लवकर मिटू लागतं. पहिल्या महिन्यात तर ती घरी परत आत घालायचा प्रयत्नही नको.

लाळ गळत असेल तर ती जास्त बनत नसते, गिळली जात नसते. रात्री ॲमिट्रिप्टिलिनचा कमी डोस, ग्लायकोपायरोलेट, किंवा ॲट्रोपिनचे डोळ्यांचे थेंब जिभेखाली, असे मार्ग डॉक्टर वापरतात. जास्त कोरडं केलं की कफ चिकट होतो, म्हणून डोस हळू वाढवायचा. हातापायांसाठी एवढंच: प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा दहा-दहा वेळा हलवा, थकेपर्यंत व्यायाम नको, आणि उठवताना हात धरून कधीही ओढू नका. खांदा निखळतो आणि मग रोजची अंघोळसुद्धा वेदनेची होते. कमरेला पट्टा बांधून उठवा.

बाबा कारण नसताना अचानक रडतील किंवा हसतील, तेरावं चाललेल्या घरातसुद्धा. हा मेंदूतल्या नसांचा परिणाम आहे, मन बिघडल्याचं लक्षण नाही, आणि त्यावर औषध आहे. काही रुग्णांत विचारशक्ती आणि वागण्यातही बदल होतो, शंभरात दहा-पंधरा जणांत ठळकपणे. हट्टीपणा वाढला, समोरच्याची पर्वा वाटेनाशी झाली, तर "आजारपणामुळे चिडतात" म्हणून सोडून न देता न्यूरॉलॉजिस्टना सांगा.

आवाज अजून आहे तोवर दोन कामं या महिन्यातच करा. एक, फोनवर त्यांच्या आवाजातली वाक्यं रेकॉर्ड करा: नातीचं लाडाचं नाव, "अगं, चहा टाक", झोपताना म्हणायचा हरिपाठाचा अभंग, शिवी दिली तर तीसुद्धा. दोन, अक्षरांचा तक्ता बनवा आणि बोलता येत असतानाच वापरायला लागा. विकतचे तक्ते बहुतेक इंग्रजी असतात आणि मराठी माणसाला ते शेवटपर्यंत परके राहतात. आपली वर्णमाला मुळातच ओळींत मांडलेली आहे, तिचा फायदा घ्या. पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर असं लिहा:

१: क ख ग घ
२: च छ ज झ
३: ट ठ ड ढ ण
४: त थ द ध न
५: प फ ब भ म
६: य र ल व श
७: स ह ळ क्ष ज्ञ
८: आ इ उ ए ओ आणि अनुस्वार

समोरच्याने ओळींचे आकडे म्हणायचे, बाबांनी पापणी मिटून ओळ निवडायची, मग ओळीतलं अक्षर, मग हवी तर आठव्या ओळीतून मात्रा. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं सोडून द्या. "पठ दखत" एवढ्यावरून "पाठ दुखते" कळतं. शब्द ओळखू आला की मोठ्याने विचारा, पण वाक्य त्यांच्या वतीने पुरं करू नका. त्यातून दोघांचीही चिडचिड होते. तक्त्याच्या मागे रोजची दहा वाक्यं आकड्यांनी लिहा: १ कूस बदला, २ लाळ काढा, ३ मास्क नीट करा, ४ डास, ५ एकटं राहू द्या. नाती-नातवंडं हे सगळ्यांत लवकर शिकतात. डोळ्यांची हालचाल बहुतेकांत फार उशिरापर्यंत टिकते. अँड्रॉइड फोन मराठी मजकूर वाचून दाखवतो, त्यामुळे बोट चालतंय तोवर टाइप करून बोलणंही सुरू ठेवा.

आता माणसं. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे पहिल्या महिन्यात तीस येतात, चौथ्या महिन्यात कुणी नसतं. ती माणसं वाईट नसतात, काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मदत मागताना दिवस, वेळ आणि काम सांगून मागा. "कधी तरी या" याऐवजी "मंगळवारी साडेपाच ते सात बाबांजवळ बसा, आई भाजी आणि मंदिर करून येईल." आठ ते दहा जणांची यादी करा: सोसायटीतले दोघं, ज्येष्ठ नागरिक संघातला एक, आईच्या भजनी मंडळातल्या दोघी, बाबांचे जुने सहकारी, गणेश मंडळातला एखादा धडधाकट मुलगा. जिन्यातून खुर्ची उचलायला चार माणसं लागतात, तेव्हा ही पोरंच येतात. वेळापत्रक सांभाळणारा माणूस घरातला नसावा. घरातल्याला नकार पचवायलाही वेळ नसतो.

एका रविवारी या सगळ्यांना तासभर बोलवा आणि बाबांच्या समोरच शिकवा: मास्क कसा काढायचा-लावायचा, सक्शन कसं चालतं, अँबू बॅग कुठे आहे, तक्ता कसा वाचायचा. बाबांनी स्वतः दुरुस्ती सांगावी. न शिकवलेला माणूस खोलीत एकटा बसायला घाबरतो आणि हळूच यायचं टाळतो. दोन नियम दारावर लिहा: सर्दी-खोकला असेल तर आज येऊ नका, आणि बोलायचं ते बाबांशी, त्यांच्याबद्दल आईशी नाही. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर खुर्ची घेऊन बसा आणि उत्तराला वेळ द्या. आईची आठवड्यातली दोन तासांची सुटी आजारपण, पाहुणे, सण काहीही असलं तरी मोडायची नाही. तिची झोप सलग तीन रात्री मोडली तर चौथ्या रात्री नर्सिंग ब्युरोतून माणूस आणा, तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. बोलायला कुणी हवं असेल तर सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, चोवीस तास आणि फुकट.

एएलएसची दुसरी घरं शोधायला तीन वाटा आहेत. न्यूरॉलॉजिस्ट दुसऱ्या रुग्णाचा नंबर देणार नाहीत, देऊही नये, पण तुमचा नंबर पुढे द्यायला ते तयार होतात. चिठ्ठी लिहून द्या. घरी जाणारे फिजिओथेरपिस्ट ही दुसरी वाट. आणि तिसरी, जी कुणाला सुचत नाही: बायपॅप भाड्याने देणाऱ्यांचे टेक्निशियन. कुणाच्या घरी कसलं मशीन चाललंय हे त्यांना माहीत असतं. मुंबईतून एएलएस-एमएनडीच्या कुटुंबांसाठी आशा एक होप फाउंडेशन काम करतं, त्यांच्याकडे नोंदणी करा. मराठीतून रुग्ण आणि घरचे मिळून गट कसा चालवतात हे पाहायचं असेल तर पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ उत्तम नमुना आहे. आजार वेगळा, पण भेटीगाठींची पद्धत तीच.

चार घरं मिळाली तरी गट सुरू होतो. जागा तळमजल्याची, उताराची, मशीन लावायला प्लग असलेली. वेळ दीड तास, त्यातला अर्धा तास काळजी घेणाऱ्यांनी वेगळं बसायचं, कारण रुग्णासमोर ते खरं बोलत नाहीत. मशीन किंवा औषध विकणाऱ्याला आत घ्यायचं नाही. ज्यांना घराबाहेर पडणं शक्य नाही त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, पेठ-सुरगाण्याचं कुटुंब त्याशिवाय जोडलं जाणार नाही. एक वही ठेवा: कुठलं मशीन कुणाकडे, कधीपासून. मशीन एका घरातून दुसरीकडे जाईल तेव्हा मास्क, नळी आणि फिल्टर नवे घ्यायचे आणि दाब नव्या रुग्णाप्रमाणे डॉक्टरांकडून लावून घ्यायचा. पलंग, खुर्ची, एअर मॅट्रेस रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून अनामत भरून मिळतात, त्या विकत घेऊ नका. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांना गटातून काढू नका. नव्या कुटुंबाला सगळ्यात उपयोगी तेच असतात. २१ जून हा जगभर एएलएसचा दिवस मानतात. पहिल्या भेटीला ती तारीख सोयीची आहे.

कागदपत्रं हात चालतोय तोवर उरका. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत एएलएसचं वेगळं नाव नाही, म्हणून ते चलनवलनाच्या किंवा दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकलांगतेखाली बसवलं जातं. टक्केवारी आज कमी आली तरी घ्या आणि आजार वाढल्यावर फेरतपासणी मागा. ४० टक्के झाले की बहुतेक सवलतींचं दार उघडतं. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यात ८० डीडीबी म्हणून ओळखली जाणारी उपचारखर्चाची वजावट मोटर न्यूरॉन डिसीजला नाव घेऊन लागू आहे, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. बँकेचं खातं "दोघांपैकी कुणीही" असं करून घ्या. सही बंद झाल्यावर अंगठा, तोही न जमल्यास पायाचा अंगठा, दोन साक्षीदारांसमोर चालतो आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. रिझर्व्ह बँकेच्या सूचना तशा आहेत, कर्मचाऱ्याला माहीत नसेल तर शाखाधिकाऱ्यांना भेटा. २०२७ च्या सिंहस्थात शाही स्नानांच्या आसपास रस्ते बंद असतील, तेव्हा फीड, औषधं, फिल्टर निदान पंधरा दिवसांचे घरात ठेवा.

एक बोलणं सगळे टाळतात. पुढे श्वास अगदीच कमी पडला तर गळ्यात भोक पाडून व्हेंटिलेटर हवा की नको? घरात चोवीस तास दोन शिकलेली माणसं असतील तरच तो निभतो, आणि एकदा लावल्यावर काढणं सगळ्यांनाच फार जड जातं. हा निर्णय बाबांचा आहे आणि तो बोलता येत असतानाच विचारायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, पुढे कुठले उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या. बाबांनी "सगळं करा" असं लिहिलं तरी तेही इच्छापत्रच आहे. जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेची चौकशी आताच करा. ती शेवटच्या आठवड्याची सेवा नाही, धाप, वेदना, झोप आणि भीती यांवर ती पहिल्यापासून मदत करते.

आणि दाराजवळ, १०८ ची माणसं आत येताना दिसेल असा, मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवा. त्यावर एवढंच:

रुग्णाला एएलएस आहे. श्वासाचे स्नायू कमजोर आहेत, फुप्फुसं नाहीत.
नुसता ऑक्सिजन लावू नका. बायपॅप सोबत घ्या, मशीन पलंगाच्या डावीकडे.
सपाट झोपवू नका.
गुंगीचं औषध देण्याआधी या डॉक्टरांना फोन करा.
इच्छापत्र कपाटाच्या वरच्या खणात.
अक्षरांचा तक्ता सोबत न्या. यांना सगळं ऐकू येतं आणि सगळं कळतं. जे कराल ते आधी यांना सांगा.